दोन पंचम्या

फाटकाबाहेर सहा मुलं ओळीनं उभी होती आणि सहाही जणांचे पाय गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलानं माखलेले होते. फाटकाच्या आत मुख्याध्यापक विचारे गुरुजी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभे होते.

"किती वाजले?"

"ठाऊक नाय गुरुजी," त्यांच्यातली मोठी मुलगी म्हणाली.

"अकरा पन्नास. शाळा किती वाजता?"

"साडेदा."

"आणि प्रार्थनेनंतर येईल तो?"

"गैरहजर," सहाही जण एका सुरात म्हणाले. पाढा म्हणावा तसं पाठ होतं त्यांचं.

"या आत. शिकायला बंदी नाही. पण हजेरीत फुली."

मुलं हौदापाशी जाऊन पाय धुऊ लागली. गुरुजींनी घड्याळाला चावी दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, खाजणवाडीची मुलं. वेळेचं वावडं आहे वाडीला. तुम्ही नवीन आहात, आत्ताच ओळखून ठेवा."

मी खरोखरच नवीन होते. देवखोलच्या शाळेत रुजू होऊन चार दिवस झाले होते. मी बार्शीकडची, आमच्याकडे पाणी म्हणजे घागरीत असतं नाहीतर नसतं. खाडी हा शब्द मी भूगोलात शिकले होते आणि परीक्षेत त्याची व्याख्याही बिनचूक लिहिली होती. एवढ्या भांडवलावर मी कोकणात शिकवायला आले होते. देवखोल खाडीच्या अलीकडे, खाजणवाडी पलीकडे. मधे एक होडी चालायची, तिला सगळे तर म्हणायचे.

त्या संध्याकाळी मुलांना न्यायला तर धक्क्याला लागली, तेव्हा मी मुद्दाम खाली गेले. तर चालवणारा धाकू हा त्या मोठ्या मुलीचा बाप. मुलीचं नाव शालन, माझ्याच सातवीच्या वर्गात होती. मी बाईंच्या थाटात त्याला म्हटलं, "अहो, मुलांना थोडं लवकर आणत जा ना."

धाकूनं वल्हं खाली ठेवलं. "बाई, आज सुकती, म्हंजे पुरती ओहोटी, पावनेदाला व्हती. दोन तास आधी न् दोन तास मागं तर हलत नाय, गाळात बसते. लवकर म्हंजे आठाच्या आत आनाया पायजे. आनीन की. पन आठाला शाळंला कुलूप. पोरं पागोळ्यांखाली उभी करू?"

"मग गुरुजींना सांगा, शाळा लवकर उघडा म्हणून."

"सांगून दमलो." तो शालनकडे बघून म्हणाला, "गेल्या साली हिची हजेरी साठ टक्के भरली. सहावीतनं दया करून वर ढकलली. सातवीला केंद्राची परीक्षा. पंच्याहत्तर टक्के नसली तर बसूच द्यायचे नाय. मंग कशाला पाठवायची? हा म्हयना बगतो. न्हायतर आवशीसंगं कोलंबी सोलाया बसंल."

शालन होडीच्या कडेला बसून पाण्यात हात सोडून होती. तिनं ऐकल्याचं दाखवलंही नाही. मला मात्र त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

त्यातून मी डी.एड.हून ताजी ताजी बाहेर पडलेली. आमच्या कॉलेजात एक बाई सांगायच्या, वर्षाची सुरुवात पुस्तकानं करू नका, हातानं करा. मुलांना खरा प्रश्न द्या आणि त्यांना काहीतरी करू द्या. तिथे बसून माना डोलवायला सोपं होतं. पण देवखोलला सातवीची पुस्तकं तालुक्याहून आलीच नव्हती, त्यामुळे माझ्या तत्त्वाला परिस्थितीनंच हातभार लावला. दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाहीर केलं, "दहा दिवस पुस्तक नाही. आपण एक प्रकल्प करायचा. कसला करायचा ते तुम्ही सांगा."

एकोणीस मुलांनी एकमेकांकडे बघितलं. कुणी म्हणालं किल्ला, कुणी म्हणालं बाग. मागच्या बाकावरचा वाण्याचा मुलगा म्हणाला, "बाई, ह्या खाजणवाडीवाल्यांची होडी कधी वेळेवर येते, कधी येत नाही. त्याचा नेम काय?"

वर्ग हसला. शालन हसली नाही. मी म्हटलं, "हाच प्रश्न. नेम शोधायचा."

असं आमचं काम सुरू झालं. सुताराच्या मुलानं बारा हातांचा बांबू आणला. मुलींनी त्यावर चुन्याचा आणि गेरूचा एकाआड एक पट्टा काढला, प्रत्येक पट्टा एक वीत. वीत कुणाची घ्यायची यावर अर्धा तास भांडण झालं, शेवटी शालनची घेतली, कारण ती सगळ्यांत लांब होती. बांबू धक्क्याच्या पायथ्याशी गाळात रोवला. दोघादोघांची पाळी लावली, दर अर्ध्या तासानं पाणी कुठल्या पट्ट्यावर आहे ते लिहायचं. कांबळ्याच्या खोळी पांघरून पोरं धक्क्यावर बसायची. घड्याळ मात्र कुणाकडेच नव्हतं.

मी गुरुजींकडे शाळेचं भिंतीवरचं घड्याळ मागितलं.

"ते डेडस्टॉकला आहे," गुरुजी म्हणाले. "खिळ्यावरून हलणार नाही."

डेडस्टॉकच्या रजिस्टरात शाळेची प्रत्येक वस्तू लिहिलेली होती आणि गुरुजी त्या प्रत्येक वस्तूला जिवापाड जपत. शाळेची किल्ली काळ्या गोफात ओवून ते गळ्यात घालत, अंघोळीलाही काढत नसावेत. आधीच्या एका शाळेत त्यांच्या हाताखालच्या माणसानं कुलूप उघडं टाकलं आणि पेटी चोरीला गेली, तेव्हापासून किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही हा त्यांचा नेम. माणूस म्हणून गुरुजी वाईट नव्हते. वेळ आणि वस्तू या दोन गोष्टींवर त्यांचा जीव होता, आणि मुलांवरही होता, पण तो त्या दोहोंच्या खालोखाल.

घड्याळ दिलं नाही, पण अर्ध्या तासानं धक्क्यावरून एक पोरगा "किती वाजले गुरुजी" विचारत धावत आला, मग पुन्हा दुसरा आला. तिसऱ्या खेपेला गुरुजी वैतागले आणि म्हणाले, "धावू नका. मी दर अर्ध्या तासाला टोल देतो." टोल द्यायला त्यांना मनापासून आवडायचं. त्या दहा दिवसांत देवखोलच्या बायका त्या टोलांवर भात चढवायला लागल्या होत्या.

आठवड्याभरात वर्गाची एक भिंत कागदांनी भरली. मुलांनी ठिपके जोडून रेघा काढल्या आणि रेघा डोंगरासारख्या वर-खाली झाल्या. मग आमच्या वाण्याच्या पोरानं शोध लावला की कालच्यापेक्षा आज भरती पाऊण तास उशिरा आली, आणि परवापेक्षा काल पाऊण तास. सगळा वर्ग आनंदानं ओरडला. मी तर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

शालन हळूच म्हणाली, "तिथीला पाऊनानं गुनायचं, बाई."

"काय?"

"जी तिथी आसल तिची पाऊनपट. चवथ आसली तर तीन. तीन वाजता भरती. त्याच्यात सा मिळवले की सुकती."

मी भिंतीवरचे कागद बघितले. द्वादशीला नऊ. अष्टमीला सहा. बरोबर. "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुनी नाय. आमच्यात सगळ्यांना येतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दहा दिवस आम्ही बांबू रोवून पावसात भिजत बसलो होतो आणि उत्तर तिसऱ्या बाकावर बसून होतं. "मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं नाय," ती म्हणाली.

नेमके तेव्हा विचारे गुरुजी दारात उभे होते. ते आत आले, शालनसमोर थांबले आणि म्हणाले, "पाऊणकी म्हण."

"एक पाऊन पाऊन, दोन पाऊन दीड, तीन पाऊन सव्वादोन, चार पाऊन तीन, पाच पाऊन पावनेचार..." तिनं पंधरापर्यंत म्हणून दाखवली, एकदाही न अडखळता.

गुरुजींचा चेहरा उजळला. "तीस वर्षं पाऊणकी शिकवतोय," ते मला म्हणाले. "पोरं विचारतात, गुरुजी ही कशाला? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज मिळालं."

लोखंड तापलंय हे मला कळलं. मी तिथेच घाव घातला. "गुरुजी, मग असं करू. पुढच्या पंधरवड्याचा तक्ता मुलं करतील. खाजणवाडीतून शेवटचं पाणी किती वाजता, म्हणजे त्यानंतर तर गाळात बसते ती वेळ. वाईट दिवस पाच आहेत, चतुर्थी ते अष्टमी. त्या दिवसांत मुलं त्या पाण्यावर लवकर येतील. तुम्ही फक्त शाळा लवकर उघडा."

गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं. "अंदाजपंचे कारभार मला चालत नाही. तक्ता मिनिटाला खरा उतरला पाहिजे. मी स्वतः पलीकडे जाईन आणि तक्त्यात असेल त्या वेळेला तरीत बसेन. तर अलीकडे लागली, तर मी शाळा उघडीन. नाही लागली, तर विषय संपला."

शालननं दोन रात्री बसून तक्ता केला. रंगीत पुठ्ठा, डावीकडे तिथी, उजवीकडे वेळ, कडेला मासे. अक्षर देखणं. गुरुजींना द्यायच्या आदल्या दिवशी तिनं तो माझ्यासमोर ठेवला. मला घाई होती, चौथीच्या वह्या तपासायच्या पडल्या होत्या. मी नजर फिरवली आणि मला चूक सापडली. मास्तरणीला चूक सापडली की जो आनंद होतो तो मलाही झाला. तिनं एका पाठोपाठ दोनदा पंचमी लिहिली होती.

"नक्कल करताना ओळ दोनदा आली बघ," म्हणून मी लाल शाईनं दुसरी पंचमी खोडली, तिच्या जागी षष्ठी लिहिली, आणि खालच्या सगळ्या तिथी एकेक घर वर सरकवल्या. वेळाही बदलल्या. त्या दुसऱ्या पंचमीच्या दिवशी पावणेआठ होतं, तिथे साडेआठ केलं. शालन बघत उभी होती. मी विचारलं, "कळलं ना?"

"हो बाई," ती म्हणाली.

गुरुजींनी परीक्षेला नेमका तोच दिवस निवडला.

त्या सकाळी सात वाजता गुरुजी आणि मी पलीकडे गेलो. पाऊस थांबला होता, आभाळ मात्र भरलेलं. सहाही मुलं न्हाऊन-माखून, दप्तरं पोटाशी धरून धक्क्यावर हजर. शालनच्या आईनं आम्हाला कोरा चहा दिला. आयुष्यात पहिल्यांदा मुख्याध्यापक आपल्या वाडीत आले म्हणून सगळी वाडी दारात उभी होती.

साडेसात झाले तसा धाकू उठला. "गुरुजी, निघूया. पानी चाललंय."

गुरुजींनी पुठ्ठा उघडला. "तक्त्यात साडेआठ आहे."

"आसंल. पन पानी चाललंय."

"परीक्षा तक्त्याची आहे, तुझी नाही. आपण साडेआठलाच निघायचं."

"गुरुजी, पानी तक्ता वाचत नाय."

"म्हणूनच तर बघायचंय," गुरुजी म्हणाले आणि कट्ट्यावर बसले.

धाकूनं मुलीकडे बघितलं. शालननं मान खाली घातली. मी तक्त्याच्या बाजूची. मनात म्हटलं, अनुभवी माणसं अशीच असतात, आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणारा शहाणा प्रत्येक गावात असतो, त्या गावात मी होते.

साडेआठाला गुरुजी तरीत बसले. धाकूनं एकदा आभाळाकडे, एकदा गुरुजींकडे बघितलं आणि वल्हं मारलं. देवखोलचा धक्का शंभरेक हातांवर आला असेल, तेवढ्यात होडीच्या तळाला काहीतरी मऊ लागलं आणि होडी थांबली. आवाजसुद्धा झाला नाही. धाकूनं वल्हं उभं करून दाबलं, ते कोपरभर गाळात गेलं.

"बसली," तो म्हणाला, आणि तंबाखू मळायला घेतली.

"म्हणजे आता?" गुरुजींनी विचारलं.

"आता पानी यील तवा. साडेअकरा, पावनेबारा."

"आपण चालत जाऊ."

"कंबरभर गाळ हाय गुरुजी. तुमी जावा. मी पोरांना सोडनार नाय."

गुरुजी उठले होते ते खाली बसले. आणि तेवढ्यात त्यांचा हात गळ्याकडे गेला. त्यांचा चेहरा बघून मला आधी कळेना, मग कळलं. शाळेची किल्ली त्यांच्या गळ्यात होती. म्हणजे दहाला सगळी देवखोलची मुलं येणार, शाळेतले दुसरे शिक्षक गुरव गुरुजी येणार, आणि शाळेला कुलूप.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाणी उतरत गेलं. होडीच्या दोन्ही बाजूंना काळा, चकचकीत गाळ उघडा पडला. त्यावर छोटे खेकडे तुरुतुरु धावू लागले. मग गुरुजींनी पुठ्ठा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "तक्ता कुणी केला?"

"मी, गुरुजी," शालन म्हणाली. "माजं चुकलं."

तिचा बाप तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एक गोष्ट कायमची ठरवून टाकल्यासारखा तो शांत दिसत होता, आणि ती गोष्ट काय ते मला ठाऊक होतं. माझ्या हातात फक्त एक वाक्य बोलायचं होतं आणि मी ते लगेच बोलले नाही. खोटं कशाला सांगू? मुख्याध्यापक समोर, नोकरीला महिनाही झालेला नाही, आणि मी किती हुशार आहे हे तीन आठवडे सगळ्यांना दाखवत फिरलेली. मी एक खेकडा बिळात जाईपर्यंत बघत बसले.

मग मला माझीच किळस आली. मी म्हटलं, "गुरुजी, तिचं बरोबर होतं. तिनं आज पंचमी लिहिली होती, पावणेआठ. मी खोडून षष्ठी केली. मला वाटलं ओळ दोनदा आली. मी कॅलेंडर बघायचे कष्टही घेतले नाहीत."

"ह्या वक्ताला पंचमी दोन दिवस हाय," धाकू म्हणाला. "वाडीत बारक्या पोरालाबी ठाऊक."

गुरुजींनी तक्त्यावरची लाल खाडाखोड नखानं खरवडून बघितली. मग शालनला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बाईंनी लाल शाईनं खोडलं."

"मग?"

"लाल शाईचं बरोबर आसतं."

हे तिनं अगदी सरळपणे सांगितलं. तीस वर्षं ते लाल शाई वापरत होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला.

दहाच्या सुमाराला देवखोलच्या बाजूनं आवाज ऐकू येऊ लागले. शाळेला कुलूप बघून मुलं धक्क्यावर आली होती. आधी पाच-दहा, मग शंभर. गुरव गुरुजी छत्री घेऊन धावत आले. त्यांनी तोंडाशी हात धरून हाक मारली, "गुरुजी, किल्ली!"

विचारे गुरुजींनी गळ्यातली किल्ली वर करून दाखवली. त्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. धक्क्यावर हशा पिकला. मला वाटलं आता गुरुजी भडकणार. पण ते घड्याळ बघत होते.

"दहा एकोणतीस," ते म्हणाले आणि होडीत उभे राहिले. होडी गाळात घट्ट बसली होती, हललीसुद्धा नाही. त्यांनी एक हात वर केला. धक्क्यावर गुरव गुरुजींना काय कळलं कोण जाणे, त्यांनी मुलांच्या ओळी लावल्या. रोजच्यासारख्या, इयत्तावार, त्या अरुंद धक्क्यावर. आणि प्रार्थना सुरू झाली.

खाडीवरून शंभर मुलांचा आवाज येत होता. गुरुजींनी हात जोडले. शालन उठली, मग बाकीची पाच उठली, मीही उठले. धाकूनं तंबाखू थुंकून टाकली आणि तोही उभा राहिला. आम्ही नऊ जणांनी त्या गाळात उभ्या होडीत पूर्ण प्रार्थना म्हटली. मला त्या दिवसापर्यंत शाळेच्या प्रार्थनेत कधी गहिवरून आलं नव्हतं. त्या दिवशी आलं, आणि लाज वाटली नाही.

प्रार्थना संपली, तशी शालन गुरुजींकडे वळली. "गुरुजी, आपन प्रार्थनेला हजर व्हतो का?"

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. सहा जोडी डोळे त्यांच्यावर लागले होते, सातवी जोडी धाकूची.

"होतो," गुरुजी म्हणाले. "सगळे होतो."

त्यानंतरचा तासभर आम्ही होडीतच शाळा भरवली. गुरुजींनी सवायकी घेतली. धाकूला कुणी शिकवलं होतं देव जाणे, दिडकीत त्यानं गुरुजींना गाठलं. साडेअकराला होडीखाली पाणी कुजबुजायला लागलं, पावणेबाराला आम्ही धक्क्याला लागलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी किल्ली काढून गुरव गुरुजींकडे न देता स्वतःच कुलूप उघडलं, सवय अशी एका दिवसात जात नाही. मग ते खुर्चीत बसले आणि हजेरीपट उघडला. खाजणवाडीच्या सहा नावांपुढे त्यांनी हजेरी मांडली. मागची पानं उलटून त्या महिन्यातल्या फुल्यांवर बोट ठेवत ते बराच वेळ बसले. त्या मात्र बदलल्या नाहीत, सरकारी कागदात खाडाखोड चालत नव्हती.

संध्याकाळी तर सुटायच्या वेळेला गुरुजी धक्क्यावर आले. शालन होडीत चढत होती.

"उद्या काय?" त्यांनी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम खाडीकडे बघत राहिले.

"षष्ठी," ती म्हणाली. "शेवटचं पानी साडेआठ."

गुरुजींनी गळ्यातून गोफ काढला. तो डोक्यातून निघताना चष्म्याला अडकला, तो त्यांनी सोडवला. "मी नऊला उठून पूजा करतो. साडेआठला येणं मला जमायचं नाही," ते घाईघाईनं म्हणाले. खरं तर ते पाचला उठायचे, सगळ्या गावाला माहीत होतं. "तू ये आणि उघड. आल्या आल्या डेडस्टॉक बघायचा. घड्याळ, खुर्च्या चार, टेबल एक, पेटी एक."

शालननं किल्ली हातात घेतली. धाकूनं वल्हं उचललेलं तसंच हातात राहिलं. "गुरुजी, पोरीकडं?" तो म्हणाला.

"तिच्याकडे पंचांग आहे," गुरुजी म्हणाले. "माझ्याकडे नुसतं घड्याळ."

धाकूनं वल्हं पाण्यात घातलं. कोलंबी सोलायचा विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही, ना माझ्यापाशी ना घरी. शाळेची किल्ली त्या दिवसापासून खाजणवाडीत राहू लागली.

या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. त्यानंतर मी सात शाळा बदलल्या, दर जूनला मुलांना घेऊन काही ना काही करत राहिले, कधी विहिरी मोजल्या, कधी गावाची झाडं. पण देवखोलच्या त्या वर्षातला जो दिवस मला सगळ्यांत जास्त आठवतो, तो होडीतला नाही. तो गणपतीनंतरचा आहे.

सहामाहीच्या आधी मी पुढच्या महिन्याचा तक्ता केला होता. या वेळी मी स्वतः केला, कॅलेंडर समोर ठेवून, मोठ्या काळजीनं, आणि वर्गात टांगला. चार-पाच दिवसांनी मी सव्वादहाला शाळेत आले. शाळा उघडी होती, झाडून झालेली. खाजणवाडीची मुलं बाहेर लगोरी खेळत होती. वर्गात कुणी नव्हतं. फळ्यावर वरच्या कोपऱ्यात रोजच्यासारखी तारीख आणि वार होता, आणि खाली शालनच्या देखण्या अक्षरात लिहिलं होतं:

आज अष्टमी आहे. बाईंच्या तक्त्यात नवमी आहे. बाईंचं चुकलं आहे.

'चुकलं' या शब्दाखाली लाल खडूनं रेघ मारलेली होती, पट्टी लावून, अगदी सरळ.

मी कॅलेंडर बघितलं. अष्टमीच होती. खिडकीतून बाहेर बघितलं तर लगोरी थांबली होती आणि सहाही जण माझ्याकडे बघत होते. शालन सगळ्यांच्या पुढे उभी होती, हाताची घडी घालून, जरा घाबरलेली, पण जागची न हललेली.

मी लाल खडू उचलला, फळ्यावरच्या तिन्ही वाक्यांपुढे बरोबरची खूण केली आणि खाली सही केली.